मदत हवी आहे: ट्रेमधला कोंडा आतून तापतोय

नमस्कार मंडळी. सांगलीजवळच्या एका शेडमध्ये मी आणि माझा मावसभाऊ गव्हाच्या कोंड्यावर अ‍ॅस्परजिलस ओरायझी ही बुरशी वाढवून अमायलेज (स्टार्च फोडणारं एन्झाइम) काढायचा प्रयत्न करतोय. अ‍ॅल्युमिनियमचे ट्रे, कोंड्यात ५५ टक्के ओलावा, खोली ३० अंशांवर.

थर २ सेंमीचा होता तोवर सगळं सुरळीत होतं. जागा पुरेना म्हणून ५ सेंमी केला आणि गाडं बिघडलं. साधारण २० तासांनी मध्यभागी खुपसलेला थर्मामीटर ४७ अंश दाखवत होता, खोली मात्र ३०लाच. कडेचा कोंडा पांढराशुभ्र, मधला तपकिरी, चिकट, आंबूस वासाचा. एन्झाइम निम्म्यावर आलं.

एसी २४वर लावून पाहिला. कडांची वाढ मंदावली, पोटातली धग तशीच. कोंडा आणि त्यात अडकलेली हवा वाढत्या बुरशीची उष्णता सहजी बाहेर सोडत नाहीत, हे तेव्हा नीट कळलं. पंखा लावला तर वरचा थर वाळून ठणठणीत. १८व्या तासाला कोंडा उलथला, पण तोवर तंतूंनी त्याची वडी केली होती. ती फोडल्यावर तापमान उतरलं, तुटलेली वाढ मात्र सावरली नाही. जपानमध्ये कोजी (हीच बुरशी वाढवलेला तांदूळ) करताना तांदूळ हाताने मोकळा करतात, मग पातळ पसरून त्यात चर पाडतात. आम्ही बहुधा उशिरा हात घातला. मोकळं करायची वेळ तुम्ही कशावरून ठरवता, तासांवरून की तापमानावरून?

ट्रे सोडून जाळीच्या तळाचं पिंप घ्यावं आणि खालून दमट हवा सोडावी, असंही डोक्यात आहे. पण हवा वर जाताना तापत जाणार, म्हणजे पिंपाचं वरचं तोंड पुन्हा गरम. शिवाय तापलेली हवा जास्त पाणी धरते, त्यामुळे १०० टक्के आर्द्रतेची हवा सोडली तरी कोंडा वाळणारच. उष्णता काढून नेण्याचं मोठं काम कोंड्यातून उडणारी ही वाफच करते, तेव्हा ती नकोच असं म्हणता येत नाही. मध्येच पाणी शिंपडावं, तर मागच्या वेळी त्यातूनच जिवाणू शिरले, अख्खी बॅच फेकावी लागली.

कुणी पिंपात केलं असेल तर थर किती उंच ठेवलात? कोंड्यात उसाचं चिपाड मिसळून हवा खेळती राहते का, की एन्झाइमचं उत्पादन घटतं? आणि डेझर्ट कूलरची हवा एप्रिलमध्ये गार मिळते, पावसाळ्यात काय करता?

पुढची बॅच सोमवारी लावायची आहे. तोवर थर ३ सेंमीच ठेवतोय.