मदत हवी आहे: जुन्या गाडीतलं कूलंट उतरतंय, गळती मात्र सापडत नाही

नमस्कार मंडळी,

२०११ची पेट्रोल हॅचबॅक सेकंडहँड घेऊन सहा महिने झाले. मीटरवर ९२ हजार. आईला साताऱ्याहून पुण्याला तपासणीसाठी न्या-आणायला घेतली.

दोन महिन्यांपासून कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) उतरतंय. कूलंटच्या बाटलीवर मार्करने रेघ मारलीय आणि दर रविवारी सकाळी, गाडी पूर्ण गार असताना बघतो. पंधरा दिवसांत बोटभर उतरतं. मागच्या वेळी मापून घातलं तर ३०० मिली लागलं. रात्री इंजिनाखाली पुठ्ठा पसरून ठेवला, सकाळी कोरडा ठणठणीत. एसीचं पाणी पडतं, पण ते स्वच्छ असतं, बोटाला चिकट लागत नाही.

तापमानाचा काटा एरवी निम्म्यावर असतो. गेल्या खेपेला परत येताना खंबाटकी घाटात भरलेल्या ट्रकमागे अडकलो, एसी चालू होता, आणि काटा पाऊणपर्यंत चढला. एसी बंद केला, हीटर पूर्ण सोडला, काचा खाली घेतल्या, तेव्हा कुठे उतरला. आई शेजारीच होती. तिला काही बोललो नाही, पण तेव्हापासून तिला या गाडीत बसवायची भीती वाटते.

गॅरेजवाल्याने ऑईलचं झाकण उघडलं, आत दुधासारखा पातळ थर दिसला, आणि लगेच म्हणाला, "हेड गॅस्केट गेलं, हेड उतरवून फेसिंग करावं लागेल." म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं (हेडखालचं) सील गेलं, तो भाग काढून घासून सपाट करायचा. अंदाज १८ हजार. टेस्ट एकही केली नाही. डिपस्टिकवरचं (ऑईल मोजायच्या पट्टीवरचं) ऑईल स्वच्छ आहे, इंजिन अडखळत नाही, पिकअप पूर्वीसारखाच. सायलेन्सरमधून सकाळी थोडी वाफ येते, ती दोन मिनिटांत थांबते. लांबून आल्यावर बॉनेटजवळ गोडसर वास मात्र येतो.

हेड उतरवण्याआधी काय काय तपासून घ्यावं? आणि तोवर नळाचं पाणी घातलं तर चालेल का?

प्रतिसाद:
दादा, एवढ्यावर हेड उतरवू देऊ नका. गाडी रोज गावातल्या गावात थोडीशीच फिरत असेल तर ऑईलच्या झाकणाखाली वाफ साचून असा थर येतो. डिपस्टिकवरही दुधी दिसलं असतं, तर कूलंट ऑईलमध्ये मिसळतंय म्हणून मीही घाबरलो असतो.

गोडसर वास म्हणजे कूलंट गरम भागावर पडून वाळतंय. म्हणूनच पुठ्ठा कोरडा. टॉर्च घेऊन रेडिएटरची प्लास्टिकची टाकी ॲल्युमिनियमच्या जाळीला जिथे दाबून बसवलेली असते तो सांधा बघा, मग होजच्या क्लिपा आणि वॉटर पंपाच्या खालचं बारीक भोक. वाळलेल्या कूलंटचा पांढुरका-हिरवा खार दिसतो. पुढच्या पायपुसण्याखाली हात घाला. चिकट ओल लागली तर हीटरची जाळी गेली. हे झालं की गार इंजिनावर हातपंपाने प्रेशर टेस्ट करून घ्या, रेडिएटरच्या झाकणावर लिहिलेल्या दाबापेक्षा जास्त न देता. झाकणही तपासा, त्याची स्प्रिंग ढिली झाली की कूलंट उकळून बाहेर जातं. तरीही काही नाही सापडलं तर ब्लॉक टेस्ट: रेडिएटरच्या तोंडातली हवा निळ्या द्रावणातून ओढतात. द्रावण पिवळं पडलं तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतोय, मग हेड उतरवायलाच हवं.

नळाचं पाणी अडचणीपुरतंच, त्याने आत क्षार धरतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाला. इंजिन तापलेलं असताना झाकणाला हातही लावू नका. आणि सांडलेलं लगेच पुसा, गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात, विष आहे ते.

धागाकर्ता:
मनापासून आभार. टॉर्चने पाहिलं, तर रेडिएटरच्या डाव्या सांध्यावरून खाराचा हिरवट ओघळ खाली गेलेला. रेडिएटरवाल्याकडे प्रेशर दिलं. पाच मिनिटं काहीच नाही, मग त्याच जागी मोहरीएवढा थेंब फुगला. ब्लॉक टेस्टही करून घेतली, द्रावण निळंच राहिलं. रेडिएटर आणि झाकण दोन्ही नवीन टाकतोय. बाटलीवर नवी रेघ मारतो आणि दोन रविवार बघून इथे कळवतो. तोवर आईला एसटीनेच नेणार.