विनंती कुणाला, दया कुणाकडे?

कॅथलिक ख्रिस्ती संतांना प्रार्थना करतात, म्हणजे देव सोडून दुसऱ्याची पूजा करतात, असा आक्षेप घेतला जातो. उत्तर प्रार्थनेच्या शब्दांतच आहे. संतांची लितानी, म्हणजे एकेकाचं नाव घेऊन आळीपाळीने म्हणायची प्रार्थना, नीट ऐका. देवाला 'आम्हांवर दया कर', पण मरिया, योसेफ, पेत्र यांना 'आमच्यासाठी विनंती कर'. क्रियापद बदलतं, फरक तिथेच. आराधना फक्त देवाची, हा भेद निकेया इथल्या दुसऱ्या धर्मपरिषदेने (इ.स. ७८७) नोंदवला आणि संतांची मदत मागणं 'चांगलं आणि उपयुक्त' असल्याचं ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली सांगितलं. उपयुक्त म्हटलंय, सक्तीचं नाही.

नोव्हेना म्हणजे सलग नऊ दिवस केलेली प्रार्थना. एक दिवस चुकला की फळ गेलं, किंवा 'नऊ जणांना पाठवा' ही साखळी, यांना चर्चच्या शिकवणीत थारा नाही. ती सरळ अंधश्रद्धा.

एक गंमतीची अडचण मात्र खरी आहे. संतपदाच्या प्रक्रियेत 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करायला साधारणपणे उमेदवाराच्या मध्यस्थीने घडलेला एक चमत्कार लागतो (हुतात्म्यांना सूट), नंतर संतपदासाठी आणखी एक. रुग्णासाठी एकाच वेळी पाच-सहा जणांचा धावा केला असेल, तर बरं होणं नेमकं कुणाच्या मध्यस्थीने, हे सिद्ध करणं अवघड होऊन बसतं. म्हणून उमेदवाराच्या प्रार्थनापत्रकावर त्याच्या एकट्याच्याच मध्यस्थीची याचना असते.