मदत हवी आहे: थंडरबर्डच्या तीनचाकीला सायलेन्सर कोणता? आवाज नको, चटका नको

नमस्कार मंडळी,

सोलापूरचा आहे, वय ४६. उजव्या पायाला लहानपणी पोलिओ, मांडीपासून घोट्यापर्यंत कॅलिपर (पायाला आधार देणाऱ्या लोखंडी पट्ट्या आणि पट्टे). दहा-बारा वर्षं साइड व्हीलवाली स्कूटर चालवली. मग रॉयल एनफिल्डची २०१६ ची थंडरबर्ड ३५० घेतली, कार्ब्युरेटरवाली, आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडून तिची तीनचाकी करून घेतली. मागं रिक्षाचं डिफरन्शिअल, दोन चाकं, मधोमध पत्र्याची डिकी. मागचा ब्रेक हाताच्या लिव्हरवर घेतलाय. आरटीओत गाडी दाखवून आरसीवर दिव्यांगाचं वाहन अशी नोंदही झाली आहे. तेव्हा "हे चालतं का?" यावर धागा वाहवू नका, हात जोडून विनंती.

गाडी झकास चालते. तुळजापूर, नळदुर्ग, गाणगापूर, विजयपूर झालं. आता गड्ड्याची यात्रा आटोपली की इलकल, होसपेटे करत हंपी गाठायचा बेत आहे. पण त्याआधी दोन गोष्टी निस्तरायच्यात.

पहिली, चटका. या गाडीचा बेंड पाइप (इंजिनातून सायलेन्सरकडं जाणारा) उजवीकडून जातो आणि माझा अधू पायही उजवाच. कॅलिपरची बाहेरची पट्टी पाइपपासून जेमतेम चार बोटांवर. धडधाकट माणूस चटका बसला की पाय झटकन बाजूला घेतो. मला तो हातानं उचलून बाजूला ठेवावा लागतो आणि हात तर हँडलवर. तीनचाकी असल्यामुळे ट्रॅफिकमधून वाट काढून पुढं सटकताही येत नाही. एप्रिलात सात रस्त्याच्या सिग्नलला दोनदा लाल दिवा खाल्ला. पट्टी तापत होती ते कळत होतं, पण पट्ट्याचं बक्कल तापलंय हे कातडी भाजल्यावर कळलं. गुडघ्याखाली अजून बक्कलच्या आकाराचा डाग आहे, मधल्या पिनेसकट. या पायात रक्तपुरवठा कमी, जखम भरायला सव्वा महिना गेला.

दुसरी, घुमणं. टॅकोवर (इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारं मीटर) काटा ३००० च्या आसपास आला (माझ्या गिअरिंगवर ताशी साठ) की कानात घूंऽऽ असा नाद भरतो. अर्ध्या तासात डोकं धरतं. २८०० ला नाही, ३३०० ला नाही. आणि हायवेवर मला नेमकं तिथंच चालवायचं असतं.

म्हणून सायलेन्सर बदलावा असं डोक्यात आलं. बुलेटच्या ॲक्सेसरीजची तीन दुकानं पालथी घातली. सगळीकडं पहिला प्रश्न एकच, "आवाज कसला पाहिजे मालक?" पंजाब, इंदोरी, गोल्डस्टार, लाँग बॉटल, सगळे वाजवून दाखवले. मी म्हटलं आवाज नकोच आहे, तर पोरगं असं बघायला लागलं की मटणाच्या खानावळीत मी उपवासाची थाळी मागितली.

सध्या समोर तीन पर्याय आहेत. स्टेनलेसचा फ्री-फ्लो (धूर कमी अडवणारा) सायलेन्सर, ४,५०० रुपये, बेंड कंपनीचाच राहणार. दुसरा, एकाचे दोन करून दोन्ही बाजूंनी नळकांडी, ११,००० रुपये. ही भाच्याची हौस, हार्लेच्या ट्राय ग्लाइड या तीनचाकीचे व्हिडिओ बघून आलेली. तिसरा फॅब्रिकेटरचा: कंपनीचाच सायलेन्सर ठेवायचा, पाइप वाढवून तोंड डिकीच्या मागं काढायचं.

यातलं काय घेऊ? की चौथंच काही? अनुभवी लोकांनी सांगावं.

प्रतिसाद १

सायलेन्सरच्या आतली आवाज दाबणारी जाळी काढून टाका, गाडी मोकळी होते. खर्च शून्य.

प्रतिसाद २

वरच्या सल्ल्याकडं लक्ष देऊ नका. १७५ सीसीच्या वरच्या मोटरसायकलला कंपनीतून निघतानाच ८० डेसिबलची मर्यादा असते. आवाजाचा नियम मोडला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि लायसन्सही तीन महिने जाऊ शकतं. तुमच्या लायसन्सचं महत्त्व मी सांगायला नको. बदललेले सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली घालतात, ते फोटो सगळ्यांनी पाहिलेत. दुकानदार "चालतंय सगळं" म्हणेल. पकडल्यावर तो येत नाही सोबत.

दोन नळकांड्यांबद्दल: ट्राय ग्लाइडचं इंजिन दोन सिलिंडरचं आहे, तिथं दोन्ही बाजूंना पाइप शोभतात. आपल्या एका सिलिंडरच्या ३४६ सीसीला ते निव्वळ वजन. भाच्याला स्टिकर घेऊन द्या.

प्रतिसाद ३

वीस वर्षं बुलेटचं काम करतोय मालक, म्हणून बोलतो. फ्री-फ्लो लावून जेटिंग (कार्ब्युरेटरमधून येणाऱ्या पेट्रोलचं प्रमाण जुळवणं) केलं नाही तर मिश्रण पातळ होतं. पेट्रोल कमी, हवा जास्त. इंजिन तापणार, बेंड तापणार, म्हणजे तुमचा चटका वाढणार. आवाजवाल्या गिऱ्हाईकाला हे कुणी सांगत नाही, कारण त्याचा पाय तिथं अडकलेला नसतो.

आधी एक करा. हायवेला पंधरा-वीस किलोमीटर पळवून स्पार्क प्लग काढून बघा. टोक दुधाच्या चहासारखं तपकिरी असेल तर बरोबर. पांढरं फटक असेल तर आत्ताच पातळ चाललीय. आणि सांगा, एअर फिल्टरचा डबा कंपनीचाच आहे का? तीनचाकी करताना जागेसाठी हा डबा उडवणारे बघितलेत.

आणि बेंडला ती कापडी पट्टी गुंडाळायला कुणी सांगितलं तर पावसाळ्याआधी काढा. पाणी धरून ठेवते, पट्टीखाली साधा पाइप गंजतो.

प्रतिसाद ४

दादा, घुमण्याबद्दल थोडं गणित. ३००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ५० फेरे. फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक स्फोट, म्हणजे सेकंदाला २५. त्या २५ च्या पटीत, ५०, ७५, १०० असे धक्के चेसिसमध्ये जातात. त्यातला एखादा तुमच्या डिकीच्या पत्र्याशी जुळला की पत्रा ढोलाच्या पानासारखा वाजतो. ठरावीक आरपीएमलाच होतं, आधी नाही आणि नंतर नाही, हीच त्याची खूण. मला तरी हा सायलेन्सरचा आवाज वाटत नाही, डिकीचा वाटतो.

तपासायला पैसे लागत नाहीत. डिकीत चादरी गच्च कोंबून त्याच वेगानं चालवून बघा. सोलापुरात चादरींना काय तोटा! सायलेन्सरचा ब्रॅकेट कशावर बसवलाय तेही वाकून बघा, रबर बुश आहे की नाही.

प्रतिसाद ५

मीही कॅलिपरवाला, पण डावा पाय. पाइप बदला नाहीतर राहू द्या, आधी पट्टीवर नमदा (दाबलेल्या लोकरीचं जाड कापड) आणि वरून चामडं शिवून घ्या. चांभार तासात करून देतो. बक्कल समोरून काढून आतल्या बाजूला घ्या. आणि कुणी म्हणेल लोखंडी टाकून प्लास्टिकचं कॅलिपर घ्या, वजनाला हलकं असतं, खरंय. पण ते पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळतं आणि बेंड त्याच्या कितीतरी वर जातो. आधी पाइप झाका, मग प्लास्टिक.

धागाकर्ता: अपडेट

सगळ्यांचे आभार. मित्राच्या कारखान्यातून चार चादरी आणि टॉवेलचा एक गठ्ठा आणला, डिकीत दाबून भरला आणि तामलवाडीच्या टोलनाक्यापर्यंत जाऊन आलो. ३००० ला काटा धरून ठेवला. घूं जवळजवळ गेलं! नाक्याजवळ गाडी लावून डिकी उघडली तर चहावाला म्हणाला, चादरी कशा दिल्या?

घरी येऊन भाच्याला खाली झोपवलं. सायलेन्सरचा ब्रॅकेट डिकीच्या अँगलला थेट वेल्ड केलेला निघाला. रबराचा पत्ता नाही. म्हणजे सायलेन्सरचा प्रत्येक धक्का सरळ पत्र्यात. तीन दुकानं फिरलो, पण गाडीखाली मी एकदाही बघितलं नव्हतं. मला वाकता येत नाही हे खरं, पण भाचा तर होता.

प्लग पांढरा. एअर फिल्टरचा डबा नाही, त्या जागी मुठीएवढा फिल्टर. फॅब्रिकेटरला फोन केला तर म्हणाला, "साहेब, बॅटरीला जागा पाहिजे होती." दोन वर्षं मी पातळ मिश्रणावर गाडी चालवतोय आणि चटक्याचा दोष पाइपला देतोय.

आता ठरलंय ते असं. बॅटरी डिकीत जाणार, डबा जागेवर येणार. ब्रॅकेट कापून रबर बुशवर घेणार, डिकीला आतून डांबरी शीट. सायलेन्सर कंपनीचाच, फक्त तोंड डिकीच्या मागं काढणार, कारण आत्ता धूर उजव्या टायरच्या मडगार्डवर जातो. पट्टीला चामडं कालच शिवून घेतलं, ऐंशी रुपये.

राहिला बेंडवरचा पत्रा. स्टेनलेसचा, पाइपपासून सेंटिमीटरभर अंतर सोडून, मधून हवा खेळेल असा करायचाय. फॅब्रिकेटर जाळीचा म्हणतोय, मला सपाट बरा वाटतो, कारण जाळीच्या भोकांतून धग थेट पट्टीवर येईल. प्रतिसाद ३ वाले मालक, तुम्ही काय लावता? पत्रा शनिवारी कापायचाय.

प्रतिसाद ३ वाले

पायाकडच्या बाजूला सपाट, वर-खाली उघडा. जाळी शोभेला. आणि क्लॅम्प पत्र्याला लावताना मधे वॉशर घाला, नाहीतर पाइपची उष्णता क्लॅम्पवाटे पत्र्यात येते आणि मग पत्राच चटका देतो.