काळ्या बदामांचा सुतार: तुम्हाला कुठे भेटला?

सुतार पक्षी म्हटलं की आपण बुंध्याकडे बघतो. हा मात्र जेमतेम 16 सेंटीमीटरचा, बुलबुलाहूनही लहान, आणि शेंड्याकडच्या बारीक फांद्यांवर वावरणारा. पांढरट पंखांवर पत्त्यातला बदाम, पण काळा. (काळा म्हणून इस्पिक म्हणू नका, देठ नाही!) गोव्यात कोणाकोणाला दिसलाय, लिहा.

फोंडा : तांबडी सुर्लाच्या देवळामागे, निखार पक्ष्यांच्या घोळक्यात. डोक्यावर मोठा तुरा, मान काडीएवढी, शेपूट जवळजवळ नाहीच. मुलगी म्हणाली, "बाबा, हा अर्धाच आहे काय?" पुस्तकातलं कुठलंच वर्णन मला इतकं उपयोगी पडलं नाही.

मोले : मी तीन वर्षं नर-मादी उलट समजत होते. कपाळाला विभूती फासल्यासारखं पांढरं असतं ती मादी. नराचं कपाळ काळंच. इतर सुतारांसारखा लाल रंग शोधत बसलात तर फसाल, दोघांनाही तो नाही.

काणकोण : आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, एक बारका दिसतो. तपकिरी डोकं, पाठीवर पांढऱ्या पट्ट्या. हाच ना?

नाही हो. तो तपकिरी डोक्याचा छोटा सुतार, 13 सेंटीमीटरचा. पण तोही लिहा, चालेल.

सत्तरी : लिहू की नको, असं झालं होतं. फेब्रुवारीत पोफळींवर पडेल म्हणून पांगाऱ्याची सुकी फांदी उतरवून घेतली. खाली आल्यावर बघतो तर एका बाजूला गोल भोक, रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं. आत ताजा भुसा, अंडी नव्हती. म्हणजे पोखरणं चालू होतं. दोन दिवस जोडी त्याच झाडावर यायची; मादी फांदीच्या थोटकावर बसून पुन्हा पुन्हा ओरडायची. नोव्हेंबर ते एप्रिल हा त्यांच्या विणीचा काळ, हे मला नंतर कळलं. पांगाऱ्याची दुसरी सुकी फांदी अजून आहे. तिच्याखालच्या दोन पोफळी मोडल्या तर मोडोत, असं बायकोला सांगितलंय. ती म्हणते, सुपारीचा हिशेब मग सुताराकडून घ्या.

पणजी : याच्या शास्त्रीय नावात रोमन पुराणातली कानेन्स आहे. तिच्या नवऱ्याला, पिकस राजाला, जादूगारणीने सुतार पक्षी करून टाकलं होतं. सत्तरीवाल्यांनी हे वहिनींना सांगू नये.