१५ ठोकळ्यांचं कोडं: सॉल्व्हर वेगवान हवा, मेमरी कमी लागावी. काय वापरावं?

खटपट्या
४×४ सरकत्या ठोकळ्यांचा सॉल्व्हर (कोडं सोडवणारा प्रोग्रॅम) सी++ मध्ये लिहितोय. कमीत कमी चालींचंच उत्तर हवं. सध्या ए-स्टार (पाहिलेल्या सगळ्या मांडण्या लक्षात ठेवणारा शोध), मॅनहॅटन अंतर (प्रत्येक ठोकळा आपल्या घरापासून आडवी-उभी किती घरं दूर, याची बेरीज) आणि पट व्हेक्टरमध्ये (सी++ मधली यादी). अवघड मांडणी आली की ४ जीबी मेमरी भरते आणि प्रोग्रॅम बंद पडतो. पुढे हेच ब्राउझरमध्ये न्यायचंय. सुचवा.

बिटबहाद्दर
ए-स्टार आधी सोडा. शक्य मांडण्या १६!/२, म्हणजे सुमारे १०.४६ लाख कोटी. नोडला (शोधातल्या एका मांडणीला) ५० बाइट धरले तरी १० कोटी नोडना ५ जीबी लागतात. आयडीए-स्टार घ्या (रिचर्ड कॉर्फ, १९८५): चालींची मर्यादा ठरवून शोधायचं, उत्तर नाही मिळालं तर मर्यादा वाढवून पुन्हा पहिल्यापासून. त्यात फक्त चालू वाट लक्षात ठेवायची, आणि या कोड्याचं कमीत कमी चालींचं कुठलंही उत्तर ८० चालींपुढे जात नाही. मर्यादा दर फेरीला २ ने वाढवा. एका मांडणीच्या उत्तरातल्या चालींचा सम-विषमपणा बदलत नाही, त्यामुळे १ ने वाढवलेली प्रत्येक दुसरी फेरी फुकट जाते. आत्ताच केलेली चाल उलटवायची नाही, हे तर ओघानं आलंच.

पटाला एक ६४-बिट संख्या पुरते: १६ घरं, घराला ४ बिट, रिकामं घर ०. ठोकळा `ट` घर `क` मधून रिकाम्या घरात `र` मध्ये सरकवायचा तर:

`पट ^= (ट << ४*क) | (ट << ४*र)`

इथे `ट` ६४-बिट अन्‌साइन्ड हवा. साधा इंट (३२-बिट) ठेवलात तर ३१ च्या पुढचं शिफ्ट (बिट सरकवणं) बेभरवशाचं, आणि चूक खालच्या ओळींतच दिसते, म्हणून शोधायला त्रास.

कानामात्रा
वर सहमत, पण खरा फरक ह्युरिस्टिकनं (अजून किमान किती चाली लागतील या अंदाजानं) पडतो. कॉर्फच्या नंतरच्या चाचणीत, यादृच्छिक १,००० मांडण्यांवर, मॅनहॅटनला सरासरी सुमारे ४० कोटी नोड लागतात, लिनिअर कॉन्फ्लिक्टला (मॅनहॅटन अधिक एकाच ओळीत एकमेकांच्या वाटेत आलेल्या ठोकळ्यांच्या जादा चाली) ४ कोटी, आणि ७-८ च्या पॅटर्न डेटाबेसला (ठोकळ्यांचे ७ आणि ८ चे गट, प्रत्येक गटाच्या चाली आधीच मोजून ठेवलेले तक्ते) त्याच्या आरशातल्या जोडीसह (पट कर्णावर उलटवून तेच तक्ते पुन्हा बघायचे) ३७ हजारांच्या आत. मात्र ७-८ ला ५७.६ कोटी नोंदी लागतात. तुम्हाला ६-६-३ घ्या: दोन तक्ते ५७,६५,७६० नोंदींचे, तिसरा ३,३६० चा. एका बाइटला एक नोंद धरली तर साडेअकरा एमबी.

तक्ता बनवताना हमखास होणारी चूक: पॅटर्नबाहेरचा (त्या गटात नसलेला) ठोकळा हलला तर त्या चालीची किंमत ० धरायची, १ नाही. १ धरलीत तर तिन्ही तक्त्यांची बेरीज खऱ्या अंतरापेक्षा मोठी होते आणि उत्तर लांबतं. ०-१ बीएफएस (० किंवा १ किमतीच्या चालींनी पातळी-पातळीनं शोध) करा, आणि रिकाम्या घराच्या सगळ्या जागांमधली सर्वांत लहान किंमत ठेवा. वर लिनिअर कॉन्फ्लिक्ट मिळवू नका, तेच दोनदा मोजलं जाईल.

खटपट्या
मांडणीवरून तक्त्यातला क्रमांक काढायला (रँकिंग) वेळ जाईल ना? आणि ब्राउझरला हे जड नाही का?

बिटबहाद्दर
रँकिंग टाळता येतं. पटासोबत उलटी संख्या ठेवा: प्रत्येक ठोकळा कुठल्या घरात आहे. पहिल्या गटाचे सहा ठोकळे बिट ०–२३, दुसऱ्याचे २४–४७, तिघांचे ४८–५९, रिकामं घर ६०–६३. मग शिफ्ट आणि मास्क (नको ते बिट झाकणं) केलं की थेट अनुक्रमांक. सहाचा प्रत्येक तक्ता १६^६ चा होतो, १६ एमबी, त्यातल्या बऱ्याच जागा रिकाम्या. मॅनहॅटनपेक्षा जितकं जास्त तेवढंच, निम्मं करून ठेवा (फरक नेहमी समच येतो), ४ बिटांत मावतं: ८ एमबी. मला हा सौदा पटतो, कॅशची (प्रोसेसरजवळच्या लहान, वेगवान मेमरीची) काळजी असणाऱ्यांना पटेलच असं नाही.

जावास्क्रिप्टचे बिट-ऑपरेटर ३२-बिटच असतात आणि बिगइंट (त्यातल्या मोठ्या पूर्ण संख्या) फार मंद. तिथे दोन ३२-बिट अर्धे ठेवा किंवा सरळ वेबअसेम्ब्ली (सी++ चा कोड ब्राउझरमध्ये चालवायची सोय). ब्राउझरमध्ये खेळणाऱ्याला चाल सुचवणारं बटण ठेवणार असाल तर त्यासाठी सर्वोत्तम उत्तर कशाला हवं? ह्युरिस्टिकला १.५ ने गुणा, उत्तर थोडं लांब येईल पण लवकर.

रात्रपाळी
सुरुवातीलाच सुटण्याची तपासणी लावा: उलट्या जोड्या (मोठा आकडा लहानाच्या आधी आलेल्या) + रिकाम्या घराची खालून ओळ (१ पासून) ही बेरीज विषम हवी (शेवटी रिकामं घर तळाशी उजवीकडे असेल तर). नाहीतर आयडीए-स्टार थांबतच नाही.

चाचणी: सुटलेल्या मांडणीपासून बीएफएस केलं की दर पातळीवरच्या नव्या मांडण्या १, २, ४, १०, २४, ५४, १०७, २१२, ४४६ अशा याव्यात. ३×३ ला एकूण १,८१,४४० मांडण्या, सर्वांत लांब ३१ चाली. आणि कॉर्फच्या १९८५ च्या १०० चाचणी मांडण्यांत रिकामं घर शेवटी वर डावीकडे असतं. तुमचा तक्ता तळाशी उजवीकडच्या घरासाठी बनवलेला असेल, तर आधी प्रत्येक घर १८० अंशांत फिरवा आणि ठोकळ्याला १६ वजा त्याचा आकडा द्या. पहिल्या मांडणीचं उत्तर ५७ चाली आलं पाहिजे.