आरोग्य विमा कधी घेतला, कशामुळे ठरलं? (अनुभव धागा)

रेशीमबाग_ताई
भाचा इथं नागपुरात मिहानमधल्या (विमानतळाजवळचा उद्योगांचा भाग) कंपनीत लागला. परवा घरी आला तर म्हणाला, "मावशी, कंपनीनं 5 लाखांचा विमा दिलाय, आता वेगळा कशाला?" मला एकदम बाबांची मिल आठवली. नोकरी होती तोवर घरादाराचं औषधपाणी सोमवारी पेठेतल्या ईएसआयच्या (कामगार विम्याच्या) दवाखान्यात व्हायचं. मिल बंद पडली, कार्ड गेलं. आईचा दमा मात्र गेला नाही. पुढची काही वर्षं पावसाळा आला की आई तोंडावर पदर धरून खोकायची, आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून.
त्यामुळे मी नोकरी लागल्याबरोबर, कंपनीचा विमा असतानाच, स्वतःचाही घेतला. काहीच दुखत नव्हतं, म्हणूनच घेतला. भाच्याला हे पटवायचं आहे. तुमचं कसं ठरलं ते लिहा, जसं आठवेल तसं.

मानेवाडा_भाऊ
आमच्या घरात सगळ्यांना चाळिशीत साखर निघते. आजोबा, बाबा, काका, मोठा भाऊ. म्हणून लग्न झाल्यावर पयले पॉलिसी, मग फ्रीज. बायको म्हणे असं काहून? आता तीच सगळ्यांना सांगून राहिली.

प्राजक्त_बेसा
+1 वरच्याला. पोळ्या लाटता लाटता लिहितेय, सविस्तर रात्री.

विमाकाका
ताई, भाच्याला तारखांचा हिशेब दाखवा. पॉलिसी घेतल्यावर पहिले 30 दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याची वाटी अशा ठरावीक गोष्टींना बहुतेक ठिकाणी 2 वर्षं थांबावं लागतं. आधीपासूनच्या आजाराला आता जास्तीत जास्त 3 वर्षं. एप्रिल 2024 च्या आधी ही मर्यादा 4 होती. हे घड्याळ पॉलिसी घेतली त्या दिवसापासून चालतं. पोरगं आज पंचविशीचं असेल तर त्याची सगळी वेटिंग तिशीच्या आत, काही न होता, निघून जाते. त्याला बीपी निघाल्यावर घेतली तर तेच घड्याळ गोळ्या खात मोजावं लागतं. शिवाय सलग 5 वर्षं झाली की सिद्ध झालेली फसवणूक सोडल्यास "तुम्ही हे सांगितलं नव्हतं" म्हणून कंपनीला क्लेम अडवता येत नाही.

तर्रीपोहे_टपरी
काका कंपनीचं नाव सांगा ना कोणती चांगली

विमाकाका
नाव इथं नको भाऊ. मात्र रूमभाड्याची अट वाचूनच घ्या.

धंतोली_रहिवासी
रूमभाडं!!! माह्या सासऱ्यांची 3 लाखांची पॉलिसी, रोजच्या खोलीला 1 टक्का, म्हणजे 3 हजार. दवाखान्यात 6 हजारांची खोली रिकामी होती, रात्री 2 वाजता कोण भाव करतं. नंतर समजलं की फक्त खोलीचे पैसे कापत नाहीत, डॉक्टरची फी, ऑपरेशनचा खर्च, हेही त्याच प्रमाणात निम्म्यावर येतं. त्यांची पॉलिसी जुनी होती म्हणून आम्ही निश्चिंत होतो. मी माझी त्याच महिन्यात बदलली, रूमची मर्यादा नसलेली घेतली. आणि या भागात दवाखाने इतके झालेत की स्वतःच्या घरासमोर गाडी लावायला जागा नाही, तो वेगळा धागा होईल.

प्राजक्त_बेसा
त्या पार्किंगवर खरंच काढा धागा 🙏

सेवानिवृत्त_वर्धा_रोड
मी केंद्र सरकारात होतो, सीजीएचएस (केंद्राच्या कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) आहे, मी विमा घेतला नाही. मुलगी मात्र खाजगी नोकरीत आहे, तिला घ्यायला लावला. ज्याची नोकरी पक्की नाही त्यानं वाट पाहू नये, एवढंच म्हणेन.

नवा_सदस्य_इतवारी
रेशीमबाग ताई, तुमच्या आईचं वाचून पोटात तुटलं.

मेडिकल_चौक_लेक
आई 74 ची. तिला आता खाजगी विमा द्यायला कंपन्या तयार आहेत, पण हप्ता ऐकून बाबा उठून गेले. मग आधार घेऊन जाऊन सरकारच्या आयुष्मान भारत योजनेचं वय वंदना कार्ड काढलं. 70 पूर्ण झालेल्या कोणालाही मिळतं, उत्पन्न विचारत नाहीत, वर्षाला 5 लाख. रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत, भरती झाल्यावरच. सध्या आई मेडिकललाच (सरकारी दवाखान्यात) भरती आहे.

विमाकाका
काळजी घ्या ताई. हप्त्यांचं म्हणाल तर 22 सप्टेंबर 2025 पासून स्वतःच्या आणि कुटुंबाच्या पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी गेला आहे. जुना आकडा डोक्यात धरू नका, एकदा परत विचारा.

सिकल_पालक
मुलगी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची वाहक आहे, आमच्या विदर्भात हे घरोघरी. फॉर्मवर स्वच्छ लिहिलं, रिपोर्ट जोडला, दिली पॉलिसी. लपवायला सांगणाऱ्यांचं ऐकू नका, पोरीच्या नावाचा कागद आहे तो.

मिहान_नाइटशिफ्ट
मावशी, मी तुमच्या भाच्याच्याच वयाचा. मी 5 लाखांचा सुपर टॉप-अप घेतलाय, म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचा खर्च देणारा विमा. पहिले 5 लाख कंपनीच्या विम्यातून, त्यावरचे यातून. स्वस्त पडतो.

रेशीमबाग_ताई
बाळा, नोकरी सुटली की ते पहिले 5 लाख तुझ्या खिशातून. छोटी का होईना, खालची पॉलिसी स्वतःच्या नावाची घे. रविवारी घरी ये, भाचाही आहे, दोघांनाही कागद दाखवते.

रामबाग_काकू
मेडिकल चौकवाल्या लेकी, मी रामबागेत राहते. आईसाठी डबा पाठवू का? तेल-तिखट चालतं का तिला?

मेडिकल_चौक_लेक
काकू नुसता वरणभात, बिनतिखट. वॉर्डचा नंबर मेसेज करते.