सासूबाईंच्या कांदा-लसूण मसाल्याचं ऑनलाइन दुकान काढायचंय, सल्ला हवा

कागलकरीण:
नमस्कार मंडळी. आमच्या सासूबाई गेली अकरा वर्षं घरी कांदा-लसूण मसाला करून विकतात. बेडगी आणि संकेश्वरी मिरची, खोबरं, तीळ, धने, सगळं भाजून डंकावर कुटायचं. वर्षाला सातशे-आठशे किलो जातो, त्यातला निम्मा उन्हाळ्यातच. आजवर सगळं तोंडी आणि फोनवर चाललं. आता पुण्या-मुंबईची गिऱ्हाईकं व्हॉट्सअॅपवर मागवतात आणि पैसे यूपीआयने टाकतात. कुणी माझ्या नंबरवर टाकतं, कुणी मिस्टरांच्या, कुणी दिरांच्या. मे महिन्यात एका दिवशी अकरा ऑर्डरी गेल्या आणि पैसे आले दहांचे. अकरावा कोण ते अजून कळलेलं नाही. सासूबाई म्हणतात, "जाऊ दे, खाऊन दुवा देईल." पण असं किती दिवस चालायचं?

कोल्हापुरातल्या एकाने वेबसाइटचे ३५,००० सांगितलेत. करावी का? पैसे घ्यायची नीट सोय कशी लावायची? कुरियरचं काय?

झणझणीत:
आधी अर्धा किलो नमुना पाठवा, मग सल्ला. (पैसे दहा जणांसारखे देईन, अकराव्यासारखे नाही.)

मालवणी_मेवा:
ताई, ३५,००० आत्ता कुणालाही देऊ नका. मी पाच वर्षं कोकम, आंबापोळी आणि कुळथाचं पीठ विकतोय, आणि वेबसाइट चौथ्या वर्षी केली. तुमचं दुकान तर चालूच आहे. घोळ आहे तो पैसा कुणाचा हे ओळखण्यात, आणि वेबसाइट नसतानाही तो मिटतो.

नवीन सिम घ्या, त्यावर व्हॉट्सअॅप बिझनेस टाका. फुकट आहे. त्यात कॅटलॉग असतो. पाव, अर्धा, एक किलो असे तीन फोटो, किमतीसकट. फोटो खिडकीशी, सकाळच्या उजेडात काढा. ट्यूबलाइटखाली लाल मसाला तपकिरी दिसतो. प्रत्येक गिऱ्हाइकाला लेबल लावता येतं: 'पैसे बाकी', 'पैसे आले', 'पाठवलं'. माझी बायको रोज रात्री जेवणं झाली की एवढंच बघते, दहा मिनिटं लागतात.

घरखर्चाचं खातं आणि धंद्याचं खातं वेगळं करा. बँकेत चालू खातं उघडून त्यावर व्यापारी क्यूआर घ्या. वैयक्तिक क्यूआरवर रुपे क्रेडिट कार्डाचे पैसे येत नाहीत, व्यापारी क्यूआरवर येऊ शकतात. हल्ली पुष्कळ लोकांनी ते कार्ड यूपीआयला जोडलेलं असतं. आणि घरात तीन नंबर फिरतायत ते आजच बंद करा. नंबर एकच, दिरांचा असला तरी चालेल, पण एकच.

आता अकराव्याची युक्ती. यूपीआयमध्ये पैसेसुद्धा टाकता येतात, रुपयाखालचे पैसे. ऑर्डर क्रमांक १७ असेल तर ६४० ऐवजी ६४० रुपये १७ पैसे मागायचे. अॅपमध्ये रक्कम घालून क्यूआर तयार करता येतो, तोच पाठवला की समोरच्याला आकडा टाइप करावा लागत नाही. रात्री पासबुक उघडलं की .१७, .१८, .१९ ओळीने दिसतात. मधला .२० नसला की कुणाचे राहिले ते लगेच कळतं. नव्याण्णव झाले की पुन्हा .०१ पासून. आमच्याकडे एक आजोबा दर वेळी वरचे पैसे काढून गोल रक्कम पाठवतात, तेवढे सोडले तर पद्धत पक्की आहे.

कागलकरीण:
दादा, ही पैशांची युक्ती सासूबाईंना वाचून दाखवली. म्हणाल्या, "१७ पैसे मागायला लाज नाही वाटत?" पण मला पटली.

हिशोबनीस:
कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करतो म्हणून सांगतो, एक गोष्ट सगळे विसरतात. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. तुम्ही त्याच्या जवळपासही नाही. पण ही सूट राज्यातल्या राज्यात विकताना आहे. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकलात, बेळगावला किंवा पणजीला एक पाकीट जरी पाठवलंत, तरी उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. हस्तकलेच्या काही वस्तूंना यात सवलत आहे, मसाल्याला नाही. कागलपासून कर्नाटकची हद्द किती लांब आहे ते तुम्हाला सांगायला नको!

त्यामुळे आधी ठरवा. एक तर सध्या फक्त महाराष्ट्रात पाठवायचं आणि कॅटलॉगमध्ये तसं लिहायचं, नाहीतर नोंदणी करून टाकायची. मसाल्यावर ५ टक्के आहे, तो किमतीत धरा. कंपोझिशन योजना (छोट्यांनी उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची) घेऊन परराज्यात माल विकता येत नाही, तेव्हा कुणी ती सुचवली तर हे विचारा. मोठ्या शॉपिंग साइटवरून विकायचं असेल तर ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्याला आपल्याच राज्यात विकायची मुभा आहे, पण त्यासाठी जीएसटीच्या पोर्टलवर वेगळा नावनोंदणी क्रमांक काढावा लागतो.

खाद्यपदार्थ आहे म्हणजे एफएसएसएआय, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी, हवीच. घरगुती उद्योगाला साधी नोंदणी. आमच्या एका पक्षकाराची काढली तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती. चौदा आकडी क्रमांक मिळतो, तो पाकिटावर छापायचा. शिवाय हिरवा ठिपका, घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, बॅच, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, तुमचा पत्ता आणि फोन. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची) सरकारी पोर्टलवर फुकट होते. त्याचे पैसे मागणाऱ्या साइटी शोधात सगळ्यात वर दिसतात, तिकडे जाऊ नका.

कागलकरीण:
बापरे. बेंगळुरूला चार डबे गेलेत हो मार्चमध्ये!

हिशोबनीस:
घाबरू नका, पण पुढचे पाठवायच्या आधी एकदा सल्लागाराकडे बसा. तोवर थांबा.

बेंगळुरूची_माहेरवाशीण:
अरेरे, मी मागवणारच होते. असो. गिऱ्हाईक म्हणून एक सांगू का? कॅटलॉगमध्ये नुसतं 'चटणी' लिहू नका. कोल्हापूरकडची माणसं तिखटाला चटणी म्हणतात, बाकीच्यांना ठाऊक नसतं. माझ्या शेजारणीने माझ्याकडची 'कोल्हापुरी चटणी' शेंगदाण्याच्या चटणीसारखी दह्यात कालवून पोळीशी खाल्ली होती. पुढचं लिहीत नाही. 'कांदा-लसूण मसाला' असंच लिहा, लोक शोधतातही तेच. आणि कमी तिखट, मध्यम, जहाल असं काहीतरी सांगा. चार माणसांच्या रश्श्याला किती चमचे, एवढं पाकिटावर असलं तरी खूप झालं.

वेब_कारागीर:
मालवणीदादांशी नव्वद टक्के सहमत, पण वेबसाइटची दुसरी बाजू. महिन्याला शंभराच्या वर ऑर्डरी जायला लागल्या की व्हॉट्सअॅपवर उत्तरं देणारा माणूस थकतो. "पाव किलो केवढ्याला?" हे रोज चाळीसदा. तेव्हा वेबसाइट करा. वूकॉमर्स हे साइटवर दुकान मांडायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, खर्च डोमेनचा (साइटचं नाव) आणि होस्टिंगचा (साइट ठेवायची जागा). जमत नसेल तर शॉपिफायसारखं महिन्याच्या भाड्याचं दुकान.

पेमेंट गेटवे लागेल, म्हणजे साइटवर गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन तुमच्या खात्यात टाकणारी सेवा: रेझरपे, कॅशफ्री, पेयू वगैरे. पॅन, बँक खातं, धंद्याचा पुरावा मागतात. साइटवर परताव्याचे नियम, पाठवण्याचे नियम, गोपनीयता आणि संपर्क ही पानं नसली तर अर्ज अडकतो, आणि लोक नेमके तिथेच अडकतात. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला एमडीआर (व्यवहारामागे कापलं जाणारं शुल्क) शून्य आहे, पण गेटवे आपल्या सेवेचे पैसे घेतो. साधारण दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरा. म्हणजे ६०० च्या ऑर्डरीला १४ रुपये १६ पैसे. पैसे खात्यात यायलाही एक-दोन दिवस लागतात. किंमत ठरवताना हे आत्ताच धरा, नंतर वाढवणं जड जातं.

आणि काहीही करा, डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या. माझ्याकडे एक ताई आल्या होत्या, नाचणीची बिस्किटं विकायच्या. साइट करून देणाऱ्याने डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं होतं आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचे पंधरा हजार मागितले. शेवटी नावच बदललं त्यांनी.

पोस्टातले_आप्पा:
निवृत्त आहे, पार्सलं चाळीस वर्षं पाहिलीत. मसाल्याला तेल सुटतं. पातळ पिशवीतून ते खोक्याला लागतं, मग शेजारच्या माणसाच्या लग्नपत्रिकेला. जाड थराची उभी पिशवी घ्या, सीलिंग मशीनने दोनदा सील मारा, वरून साधी प्लास्टिक पिशवी गाठ मारून, मग खोकं. सील पक्कं आहे का ते बघायचं तर पिशवीवर पाच किलो पिठाचा डबा ठेवून रात्रभर सोडा. सकाळी खाली कागदावर लाल डाग दिसला तर मशीनची उष्णता वाढवा.

दुसरं, खाजगी कुरियर खोक्याच्या आकारावरूनही वजन धरतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. ३० बाय २५ बाय २० च्या खोक्यात तुम्ही एक किलो घातलंत तरी ते तीन किलोचे पैसे लावणार. २० बाय १५ बाय १० मध्ये बसवा. छोट्या गावात पाठवायचं असेल तर स्पीड पोस्ट बरं, जिथं कुरियरवाला पोचत नाही तिथं पोस्टमन जातो. (हो, पक्षपात आहे.)

सुरुवातीला घरपोच रोख देऊच नका. माल परत आला की दोन्हीकडचं भाडं तुमच्या अंगावर, वर फुटलेलं पाकीट.

झणझणीत:
एक गंभीर. स्क्रीनशॉटवर माल सोडू नका, कधीच. मागच्या दिवाळीत माझ्या मावशीला चकलीची चार हजारांची ऑर्डर आली. स्क्रीनशॉट आला, बँकेसारखा दिसणारा मेसेजही आला. मग फोन, "चुकून चाळीस हजार गेले, उरलेले परत करा." मावशीने नशिबाने खातं उघडून बघितलं. काहीच आलं नव्हतं. पैसे आले की नाही ते फक्त स्वतःच्या बँकेच्या अॅपमध्ये बघायचं, बारा आकडी संदर्भ क्रमांक जुळवून. पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही, हे सासूबाईंना पाठ करून घ्या. फसलंच कुणी, तर लगेच १९३० ला फोन, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे.

कागलकरीण:
सहा आठवड्यांनी लिहितेय. सिम घेतलं, चालू खातं उघडलं, क्यूआर आला. एफएसएसएआयचा क्रमांक मिळाला, तोवर जुन्याच ओळखीच्या लोकांना दिलं. सध्या फक्त महाराष्ट्र, जीएसटीचं दिवाळीनंतर बघू असं सल्लागारांशी बोलून ठरवलंय. वेबसाइटवाल्याला नाही म्हटलं. आप्पा, पिठाच्या डब्याखाली पहिल्या रात्री डाग पडला, दुसऱ्या रात्री नाही.

काल ऑर्डर .६३ पर्यंत पोचलो. सासूबाई आता स्वतःच रात्री चष्मा लावून बसतात आणि विचारतात, ".५८ चा कोण गं? त्याचे आले नाहीत." तो .५८ म्हणजे त्यांचाच भाऊ निघाला. मामांना कोण विचारणार, यावर घरात अजून एकमत नाही.

झणझणीत:
अकरावासुद्धा मामाच असणार.